मावशीसाठी खुर्ची : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

मावशी जूनमध्ये दोन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत येते आहे. गुडघ्यांमुळे तिला हात असलेली खुर्ची लागते. सोफ्यात बसली की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि ते तिला अजिबात आवडत नाही. आमच्या घरात हात असलेली एकही खुर्ची नाही.

दुकानातून एक उचलून आणणं हे एका शनिवारचं काम. पण मावशी सत्तरच्या दशकात अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकलेली. नाशिकच्या घरी सुट्टीत आली की तिच्या तोंडून आम्ही पोरं दोन परकी नावं सतत ऐकायचो : चार्ल्स आणि रे ईम्स. भारत सरकारच्या बोलावण्यावरून हे अमेरिकन डिझायनर नवराबायको देशभर फिरले, १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि त्यातूनच १९६१ मध्ये तिची संस्था उभी राहिली. त्या अहवालात साध्या लोट्यावर जे लिहिलंय ते मावशी आम्हाला जेवताना सांगायची. तो कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कुठे जातो, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किमतीला कसा परवडतो. आयुष्यभर तिने हेच शिकवलं, पण त्यांच्या हातची एकही वस्तू तिच्या घरात कधी आली नाही. परवडायचीच नाही.

तर ठरलं. ईम्सची फायबरग्लासची, हात असलेली, अस्सल जुनी खुर्ची. उंची जेवणाच्या टेबलाची. डुलती किंवा बुटकी चालणार नाही, गुडघे आहेत. दुरुस्तीसकट २०० डॉलर, त्यावर एक डॉलर नाही. मुदत मे अखेर.

बायको म्हणाली, "दोनशेत खरी मिळाली तर मला आनंदच आहे." तिने हे कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं.

२७ जानेवारी

दोन आठवडे नुसता अभ्यास. मी पत्रा दाबून घडवायचे साचे, म्हणजे डाय, बनवणाऱ्या धंद्यातला माणूस. आधी चाकण, आता डेट्रॉइटजवळ. त्यामुळे ही खुर्ची का झाली आणि स्वस्त कशी झाली, हे वाचताना माझंच रोजचं काम वाचतोय असं वाटलं.

अडचण मूळची अशी. बसायला आणि टेकायला एकच सलग खोलगट कवच हवं. प्लायवूड एका दिशेला छान वाकतं. दोन्ही दिशांना वाकवायला गेलं की चिरतं. पोळी वाटीवर पसरून बघा, कडेला चुण्या पडतातच. त्या चुण्या लाकडात आल्या की तिथे फट पडते. १९४० मध्ये चार्ल्सने वास्तुकार ईरो सारिनेनबरोबर असं सलग कवच करून पाहिलं, स्पर्धाही जिंकली, पण ती वस्तू कारखान्यात परवडेल अशी बनेना. म्हणून चार्ल्स आणि रेच्या नंतरच्या प्लायवूडच्या खुर्च्यांना बैठक वेगळी आणि पाठ वेगळी.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कमी खर्चाच्या फर्निचरची स्पर्धा ठेवली. त्यात ईम्सनी दाबून घडवलेल्या पत्र्याचं कवच दिलं. पत्रा म्हटल्यावर मला पुढचं सांगायला नको. पत्रा खोलवर ओढून घडवायची डाय, तिचा खर्च, वरून गंज येऊ नये म्हणून लेप, आणि बसल्यावर धातू थंडगार. उत्तर मिळालं ते फायबरग्लासमध्ये, म्हणजे काचेचे तंतू घातलेल्या प्लॅस्टिकमध्ये. पहिला नमुना जॉन विल्स नावाच्या कारागिराने करून दिला. मग कॅलिफोर्नियातल्या झेनिथ प्लॅस्टिक्सने हायड्रॉलिक प्रेसवर उत्पादन घेतलं. युद्धात हीच कंपनी विमानांच्या रडारवर बसणाऱ्या टोप्या बनवत होती. १९५० पासून हर्मन मिलर ही फर्निचर कंपनी या खुर्च्या विकू लागली. आतले तंतू रंगाखाली न लपवता तसेच दिसू दिले. घरात वापरायच्या खुर्चीत प्लॅस्टिक असं उघडं ठेवायची तेव्हा फारशी कुणाची छाती नव्हती.

हे सगळं केलं ते सामान्य माणसाला चांगली खुर्ची परवडावी म्हणून. आज तीच जुनी खुर्ची काचेच्या दुकानात दिव्याखाली ठेवून विकतात. मला ती तिच्या मूळ हेतूच्या जवळपासच्या किमतीत हवी आहे. हट्ट म्हणा हवं तर.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो हे नशीब. हर्मन मिलरचं गाव झीलँड याच राज्याच्या पश्चिम टोकाला. चार्ल्स आणि रे भेटले ते क्रॅनब्रुकच्या कलासंस्थेत, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. शाळा, चर्च, ऑफिसं, दवाखाने यांनी या खुर्च्या घाऊक घेतल्या. इथल्या तळघरांत त्या असणारच.

१० फेब्रुवारी

पहिली फेरी, फुकट. जाहिरातीत "ईम्स स्टाइल" लिहिलं होतं, मी "ईम्स" एवढंच वाचलं. पन्नास मैल गेलो. समोर गुळगुळीत, एकसारखं, पांढरं प्लॅस्टिक. उलटी केली तर पाय थेट कवचात स्क्रूने ठोकलेले.

मालकाने फसवलं नव्हतं, त्याने स्टाइल लिहिलंच होतं. तरी आजपासून नियम : खालच्या बाजूचा फोटो आल्याशिवाय गाडी काढायची नाही.

खाली काय बघायचं ते इथेच लिहून ठेवतो. पायांच्या चौकटीत आणि कवचात मध्ये चार रबरी चकत्या असल्या पाहिजेत, शॉक माउंट. रबरात धातूची आटे पाडलेली कडी असते; एका बाजूने रबर कवचाला चिकटवलेलं, दुसऱ्या बाजूने पायाचा बोल्ट. म्हणून टेकलं की कवच जरासं हलतं आणि बसणाऱ्याच्या पाठीला साथ देतं. सगळ्यात पहिल्या, झेनिथच्या काळातल्या खुर्च्यांचं रबर मोठं, आणि कवचाच्या कडेत दोरी घातलेली. अंगठा फिरवला की ती जाणवते. त्यांच्या वाटेला मी जाणार नाही, त्यांचे भाव वेगळे. कवचाच्या तळाला हर्मन मिलरचं नाव आणि एम अक्षराचं त्यांचं बोधचिन्ह घडणीतच उमटलेलं असतं. आणि तंतू दिसले पाहिजेत. २००१ पासून कंपनीने पॉलिप्रोपिलीन या बिनतंतूंच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढल्या, त्याही अस्सलच, पण मला हवी ती नव्हे. २०१३ पासून फायबरग्लासही परत आलं, नव्या पद्धतीने. तीही नको. जुनी हवी.

१८ फेब्रुवारी

मुलीला घेऊन डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये. ईम्सनी आयबीएमसाठी केलेलं गणिताचं प्रदर्शन, मॅथेमॅटिका, आता तिथे असतं. आठ बाय आठ बाय आठ दिव्यांचा एक घन आहे. आकडे दाबले की तेवढे दिवे लागतात आणि गुणाकार डोळ्यांना दिसतो. मुलीने सात साते एकोणपन्नास तीनदा लावून पाहिलं. पाढे पाठ करताना रडणारी पोरगी तिथून हलेना. मावशीला व्हिडिओ पाठवला.

२४ फेब्रुवारी

आज ४० डॉलर गेले. ऑनलाइन एकाने अगदी हवी तशी खुर्ची दाखवली, खालचे फोटोसुद्धा. "दुसरं गिऱ्हाईक आहे, इसार पाठवा." पाठवला. संध्याकाळी जाहिरात गायब, माणूस गायब. खालचे फोटो दुसऱ्याच कुणाच्या जुन्या जाहिरातीतले निघाले.

पैशांपेक्षा बायकोला सांगताना जड गेलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवला. हे ४० मी हिशेबात धरणार आहे.

२ मार्च, शनिवार

इस्टेट सेल. घरातलं म्हातारं माणूस गेलं, किंवा वृद्धाश्रमात हललं, की सगळं घर दोन-तीन दिवस विक्रीला उघडतात. पहाटे दारात नंबर लागतात. मला अठ्ठावीस मिळाला. शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी अर्धी किंमत, पण तोवर चांगलं काही उरत नाही.

या घरांत फिरताना मला नीट वाटत नाही, हे लिहायलाच हवं. कपाटात घडी केलेले टॉवेल, त्यांना किंमतीच्या चिठ्ठ्या. स्वयंपाकघरात मसाल्याच्या बाटल्यांवर कुणाचंतरी वळणदार अक्षर. नाशिकचं घर आवरताना आजीच्या डब्यांवरचं तिचं अक्षर पुसायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. मी आवाज न करता चालतो आणि जे उचलतो ते जागेवर ठेवतो.

तळघरात खुर्ची होती! केशरी, बिनहाताची, ९० डॉलर. बिनहाताची असूनही मन गेलं, कारण रंग पेटल्यासारखा होता. उलटी करून टॉर्च लावला. मागच्या डाव्या माउंटच्या कडेपासून एक केसाएवढी रेघ निघालेली, साधारण दीड इंच. नखाने टोकरलं तर नख अडकलं, म्हणजे ओरखडा नव्हे, चीर. बसणाऱ्याचं वजन नेमकं तिथेच येतं. पत्र्यात अशी चीर दिसली तर मी तो भाग बाजूला काढतो. इथे मावशीला बसवायचंय.

ठेवून आलो. गाडीत बसल्यावर पाच मिनिटं किल्ली फिरवली नाही.

१६ मार्च

ईस्ट लॅन्सिंगला मिशिगन स्टेट विद्यापीठाचं जुन्या सामानाचं दुकान. टेबलं, प्रयोगशाळेची स्टुलं, सायकली. आपली खुर्ची नाही. मुलीला दोन डॉलरमध्ये एक मोजपट्टी मिळाली.

८ एप्रिल

आज ग्रहण होतं, इथे जवळजवळ पूर्ण. दुपारी अंधारून आलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळे चष्मे लावून उभे होते आणि माझ्या फोनवर जाहिरात आली : "जुनी खुर्ची, तपकिरी व्हिनाइल, फाटकी, वडिलांच्या तळघरातली." ना ईम्सचं नाव, ना हर्मन मिलरचं. फोटो समोरून एकच. पण हातांचा तो उतार मी आता अंधारातही ओळखीन.

या खुर्च्यांची गादी लावलेलीही आवृत्ती निघायची. फोम आणि त्यावर व्हिनाइल किंवा कापड, पण फक्त आतल्या बाजूने. बाहेरून कवच उघडंच. समोरून पाहणाऱ्याला फाटकं रेक्झिन दिसतं, म्हणून अशा स्वस्त जातात. मागचा आणि खालचा फोटो मागितला. दहा मिनिटांनी आला. फिकट, दुधात पाणी घातल्यासारखा रंग आणि त्यात शेवया पसराव्यात तसे तंतू. तळाला नाव.

किंमत १२०. "उद्या संध्याकाळी या."

९ एप्रिल, मंगळवार

सकाळी बायको म्हणाली, "आज पाडवा आहे, लक्षात आहे ना? साडेतीन मुहूर्तांतला. होईल खरेदी." गुढी पॅटिओवर उभारून ऑफिसला गेलो आणि साडेसहाला प्लिमथला त्या घरी.

साठीतले गृहस्थ. वडील याच खुर्चीत बसून रेडिओ दुरुस्त करायचे म्हणाले. मी उलटी करून बघू का विचारलं, तर त्यांनीच खाली सतरंजी घातली. टॉर्चखाली चारही माउंट बघितले. चीर कुठेच नाही. मागच्या उजव्याचं रबर कवचापासून अर्धं सुटलेलं, बाकी तिघं दगडासारखी कडक. पाय मूळचेच, इंग्रजी एच अक्षरासारख्या मांडणीचे. कडेत दोरी नाही, रबर लहान, म्हणजे पहिल्या तुकडीतली नव्हे. तेच हवं होतं.

मी त्यांना सांगितलं की ही ईम्सची आहे, हर्मन मिलरची, आणि दुरुस्त करून विकली तर १२० पेक्षा बरेच जास्त येतील. न सांगता उचलली असती तर त्या खुर्चीत मावशीला बसवताना मला बरं वाटलं नसतं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तुम्ही विकणार का?" म्हटलं नाही, माझ्या मावशीला बसायला हवी आहे, आणि थोडक्यात अहमदाबाद, अहवाल, लोटा सांगितलं. त्यांनी ११० घेतले. "दहा डॉलर रबराला."

घरी आल्यावर बायकोने खुर्चीला हळदकुंकू लावलं. फाटक्या व्हिनाइलवर.

१३ एप्रिल

प्रश्न : व्हिनाइल काढायचं की नाही? तेही मूळचंच, आणि अस्सलच्या मागे लागलेल्या माणसाने अस्सल गोष्ट फाडून फेकायची हे पटत नव्हतं. मावशीला फोन केला. खुर्चीचं अजून सांगितलेलं नाही, म्हणून "एका मित्राची" म्हणून विचारलं.

ती म्हणाली, "अरे, फोमचा भुगा झालाय का? दाबून बघ. दाबल्यावर वर येत नसेल तर ती गादी मेली. मेलेली गादी कशाला सांभाळायची? कवच आहे ना शाबूत? मग त्याला मोकळं करा की. पण काढण्याआधी फोटो काढा म्हणावं, आणि एक तुकडा जपून ठेवा. पुढच्याला कळायला हवं काय होतं ते."

दाबलं. बोट खोल गेलं आणि खड्डा तसाच राहिला.

२० आणि २१ एप्रिल

दोन दिवस गॅरेजमध्ये. कडेची गोट एका कोपऱ्यातून सुटली आणि मग सलग निघत गेली. व्हिनाइल सोललं. खाली फोमचा पिवळा भुगा आणि त्याखाली गोंद, वाळलेल्या खरवडीसारखा. धातूचं काही लावायचं नाही, कवचावर कायमचा ओरखडा जातो. प्लॅस्टिकची पट्टी, कोमट पाणी, साबण, पुन्हा पट्टी. एकूण अकरा तास. बोटांची टोकं सुजली.

दुपारी चारच्या सुमारास बैठकीच्या खोलगट भागात पहिल्यांदा तळहाताएवढा तुकडा पूर्ण स्वच्छ झाला. गॅरेजचं दार वर होतं, उन्हाची तिरीप आत आली आणि कवच आरपार उजळलं. मागून हात धरला तर बोटांची सावली दिसली! मध्ये तंतू : काही लांब, काही आखूड, कुठे गुंता, कुठे विरळ. मी मुलीला हाक मारली. तिने कान लावून टिचकी मारली आणि म्हणाली, "बाबा, आवाज ताटलीसारखा नाहीये, टरबुजासारखा आहे."

तपकिरी व्हिनाइलचा एक चौकोन कापून, तारीख घालून पाकिटात ठेवलाय.

२७ एप्रिल

पृष्ठभाग. इतक्या वर्षांत वरचं रेझिन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं प्लॅस्टिक, झिजलं की तंतूंची टोकं वर येतात, कातडीत घुसतात, खाजतं. बारीक पॉलिश पेपर, तोही ओला. कोरडा घासला तर काचेची धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. मास्क, हातमोजे, लांब बाह्या, मुलीला गॅरेजमध्ये बंदी. मग पेनेट्रोलचा पातळ हात, फडक्याने, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून. रंगातले लोक तेलाच्या रंगात घालतात ते. कोरड्या दगडावर पाणी पडल्यावर दगड जसा खुलतो, तसा रंग वर आला. बैठकीत गोंदाची एक फिकट सावली राहिली आहे. अजून घासलं तर कवच पातळ होईल. राहू दे.

४ मे

माउंट. सगळ्यात काळजीचं काम, कारण मावशी उठताना दोन्ही हातांवर भार देणार आणि तो भार थेट या चार चकत्यांवर.

चारही जुनी काढली. नवी रबरं आधी पायांच्या चौकटीला बोल्टने सैल बसवली आणि चौकटच साचा म्हणून वापरली. एकेक माउंट वेगळा चिकटवला असता तर भोकांत दोन मिलिमीटरचा फरक आला असता, आणि मग बोल्ट आवळताना रबर कायम ताणात राहिलं असतं. कवचाची जागा आणि रबराचा माथा दोन्ही खरखरीत करून घेतले, अल्कोहोलने पुसले, इपॉक्सी हा पक्का गोंद लावला. कवच जमिनीवर पालथं, त्यावर चौकट, आणि चौकटीवर सोना मसुरीची वीस पौंडांची पिशवी. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी.

बायकोला आज भाताला तांदूळ हवे होते. पोळ्या केल्या.

५ मे

बोल्ट आवळले. पायांखाली नव्या टोप्या घातल्या. मी ८२ किलोचा. दोन्ही हातांवर पूर्ण भार देऊन उठलो, बसलो, पन्नास वेळा. मग माउंटच्या कडा टॉर्चने पाहिल्या. कुठेही सुटलेलं नाही. टेकल्यावर कवच किंचित मागे जातं आणि परत येतं.

हिशेब : खुर्ची ११०, रबरं २८, इपॉक्सी ९, पेनेट्रोल २०, पॉलिश पेपर ८, टोप्या १२. एकूण १८७. बुडालेले ४० धरले तर २२७, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा २७ जास्त. कॅलेंडरवर तसंच लिहिलं.

प्लिमथच्या गृहस्थांना फोटो पाठवला. त्यांनी बहिणीला पाठवला म्हणे. आतला रंग त्या दोघांनी कधी पाहिलाच नव्हता.

८ जून, शनिवार

मावशी काल रात्री आली. सकाळी चहाला स्वयंपाकघरात आली आणि टेबलाशी थांबली. काही बोलली नाही. आधी काठावरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांच्या वळणांवरून, सावकाश. मग म्हणाली, "उलटी कर रे जरा."

मी खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली. तिने चष्मा वर सारून तळाचं नाव वाचलं. माउंटना बोट लावून विचारलं, "ही नवी ना? तू बसवलीस?" हो म्हटलं. "सरळ बसली आहेत."

मग बसली. दीड तास बसली. दोन कप चहा झाले, मुलीला लोटा कमरेवर कसा बसतो ते सांगून झालं, पाकिटातला व्हिनाइलचा तुकडा बघून झाला. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले आणि कुणाकडे न बघता उभी राहिली.

मागच्या उजव्या माउंटची इपॉक्सी महिन्याने पुन्हा तपासायची आहे. तारीख ८ जुलै.